काशीच्या गच्चीवरचा सूर्यकाळ : मानमंदिरातल्या यंत्रांविषयीच्या वादाचा आढावा

काशीत दशाश्वमेध घाटाला लागूनच मानमंदिर घाट आहे. घाटावर आमेरच्या राजा मानसिंगाने सन 1600 च्या सुमारास बांधलेला वाडा उभा आहे. या वाड्याच्या गच्चीवर दगड-चुन्याची काही यंत्रे आहेत. सूर्याची सावली, मध्यान्हीची उंची, ग्रहताऱ्यांची क्रांती (विषुववृत्तापासूनचे अंतर) आणि दिगंश (क्षितिजावरची दिशा) मोजण्यासाठी मानसिंगाचा वंशज सवाई जयसिंग (1688–1743) याने ती अठराव्या शतकात बसवली. जयसिंगाने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. मथुरेची 1857 च्या आधीच नाहीशी झाली. उरलेल्या चारांपैकी गच्चीवर उभी असलेली काशीची एकटीच.

गेली अडीचशे वर्षे या यंत्रांविषयी वाद चालू आहे. त्यांची घडण कुठून आली? आकार एवढा का वाढवला? त्यांनी खरोखर किती अचूक काळ दाखवला? दुर्बिणीचा काळ सुरू झालेला असताना दगडात एवढा पैसा का ओतला? मराठी वाचकाला या वादाशी जोडणारे धागेही आहेत. यंत्रांमागचा मुख्य गणिती, या यंत्रांवर पुस्तिका लिहिणारा काशीतला पंडित आणि उज्जैनची वेधशाळा पुन्हा चालू करणारा अभ्यासक, हे तिघेही मराठी परंपरेतले होते. वाद आज कुठे येऊन थांबला आहे, हे इथे क्रमाने पाहू.

पितळाकडून दगडाकडे

भारतात काळ मोजण्याची दोन साधने जुनी आहेत. एक शंकू, म्हणजे सपाट जमिनीवर उभी रोवलेली काठी. दुसरे घटीयंत्र, म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेले आणि पाण्यात ठेवल्यावर ठरावीक वेळेत बुडणारे भांडे. अहोरात्राच्या साठ घटी, एक घटी चोवीस मिनिटांची, हा हिशेब त्याच परंपरेचा.

चौदाव्या शतकात त्यात अरबी-फारसी जगातले अस्तुर्लाब, म्हणजे ताऱ्यांची उंची आणि वेळ काढण्याचे हातात धरायचे यंत्र, येऊन मिळाले. फिरोजशहा तुघलकाच्या पदरी असलेल्या महेंद्र सूरी या जैन पंडिताने 1370 मध्ये ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ त्यावर लिहिला. पुढे मुघलकाळात लाहोरच्या कारागीर घराण्यांनी पितळी अस्तुर्लाब इतके नाजूक घडवले की जगभरच्या संग्रहालयांत ते आजही मानाने मांडलेले दिसतात.

मोठ्या, स्थिर यंत्रांची परंपरा वेगळी. इराणातल्या रय इथे अल-खुजंदीने 994 च्या सुमारास भव्य षष्ठांश, म्हणजे वर्तुळाच्या सहाव्या भागाची कमान, बांधला. मराघ्याची वेधशाळा 1259 मध्ये सुरू झाली आणि पंधराव्या शतकात समरकंदला उलुघ बेगने आपली वेधशाळा उभारली. या परंपरेने एक गोष्ट दाखवून दिली होती. त्रिज्या वाढली की अंशांचे भाग मोठे होतात आणि डोळ्यांना सूक्ष्म फरक दिसू लागतो.

जयसिंगाने आपल्या ‘झिज-इ-मुहम्मदशाही’ या सारणीग्रंथाच्या प्रस्तावनेत स्वतःची वाटचाल सांगितली आहे. त्याने आधी समरकंदच्या धर्तीवर पितळी यंत्रे करून पाहिली. ती लहान असल्याने त्यांवर कलांच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांच्या, खुणा करता येईनात. शिवाय आस झिजत, केंद्र हलत आणि यंत्राची पातळी बदलत असे. म्हणून त्याने दगड आणि चुना निवडला. दिल्लीची वेधशाळा 1724 मध्ये सुरू झाली. तिथले वेध पडताळता यावेत म्हणून बाकीच्या शहरांत यंत्रे बांधल्याचे तो सांगतो.

या घडणीला गणिताचा आधार देणारे जगन्नाथ सम्राट हे परंपरेनुसार महाराष्ट्रीय ब्राह्मण. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्त’चे त्यांनी अरबीवरून संस्कृतात ‘सम्राट सिद्धांत’ या नावाने भाषांतर केले, आणि युक्लिडचे ‘रेखागणित’ही संस्कृतात आणले. जयसिंगाच्या दरबारात फारसी, संस्कृत आणि पोर्तुगीज पाद्र्यांमार्फत आलेली युरोपीय विद्या एकत्र नांदत होती. जयसिंगाने फादर मान्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर एक मंडळ पोर्तुगालला पाठवले. त्या मंडळामार्फत फ्रेंच ज्योतिर्विद ला हिर यांच्या सारण्या जयपूरला पोहोचल्या.

गच्चीवरचा संच

सम्राट यंत्र हे या घडणीचे मुख्य अपत्य. उत्तर-दक्षिण उभी एक जाड भिंत असते आणि तिचा वरचा काठ तिरका असतो. या काठाचा जमिनीशी कोन त्या गावाच्या अक्षांशाइतका ठेवतात, म्हणजे काठ थेट ध्रुवाकडे रोखलेला राहतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना विषुववृत्ताच्या पातळीत दोन चतुर्थांश कमानी असतात. सकाळी सावली पश्चिमेच्या कमानीवर आणि दुपारनंतर पूर्वेच्या कमानीवर सरकते. एका कमानीवर पंधरा घटी, म्हणजे सहा तास. काठ पृथ्वीच्या आसाला समांतर असल्यामुळे सावली वर्षभर एकाच वेगाने सरकते, आणि घटींच्या खुणा समान अंतरावर करता येतात. साध्या शंकूला हे जमत नाही.

याच कारणाने एका गावचे यंत्र दुसऱ्या गावी उपयोगी पडत नाही. उज्जैनचा काठ सुमारे 23 अंशांचा, काशीचा सुमारे 25, जयपूरचा सुमारे 27 आणि दिल्लीचा साडेअठ्ठावीसच्या आसपास. घडण एकच असली तरी प्रत्येक ठिकाणी ती आकाशाशी नव्याने जुळवावी लागली.

आकारातला फरकही बोलका आहे. जयपूरच्या मोठ्या सम्राट यंत्राची उंची सुमारे 27 मीटर, तर काशीच्या मोठ्या सम्राटाची भिंत सुमारे 36 फूट लांब आणि उत्तरेच्या टोकाला सुमारे 22 फूट उंच आहे. आधीच उभ्या असलेल्या वाड्याच्या गच्चीवर किती भार टाकता येईल, याला मर्यादा असणारच. या संचात एक लहान सम्राट यंत्र आहे. दक्षिणोत्तर भित्तीवर खुंटीच्या सावलीवरून मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजता येते. विषुववृत्ताच्या पातळीत बसवलेले, साडेचार फुटांच्या आसपास व्यासाचे दगडी नाडीवलय आणि दिगंश मोजणारे दिगंश यंत्रही आहे.

इथले चक्र यंत्र धातूचे आहे. सुमारे साडेतीन फूट व्यासाचे, पितळ चढवलेले हे लोखंडी चक्र पृथ्वीच्या आसाला समांतर अक्षाभोवती फिरते. पितळाच्या उणिवा मोजून दगडाकडे वळलेल्या राजाने हे एक साधन धातूतच ठेवले, कारण ताऱ्यामागे फिरवता येणारे यंत्र दगडाचे करता येत नाही. घडणीचा इतिहास पितळाकडून दगडाकडे सरळ रेषेत गेला नाही. ज्या कामाला जे द्रव्य योग्य ते निवडले गेले, आणि काशीच्या गच्चीवर ही निवड एकाच नजरेत दिसते.

जयपूर आणि दिल्लीला असलेले जयप्रकाश आणि राम यंत्र काशीत नाहीत. राशिवलये फक्त जयपूरला आहेत. जी यंत्रे दुसऱ्या गावी पुन्हा बांधली गेली, त्यांचाच संच इथे आहे. प्रयोगातून कोणती घडण जयसिंगाच्या लेखी टिकाऊ ठरली, याचा हा पुरावा मानता येईल का? तपासण्याजोगा असा हा एक प्रश्न आहे.

काशीच्या यंत्रांवर कोणी काय लिहिले

रॉबर्ट बार्कर हे बंगालमधले ब्रिटिश सेनापती 1772 मध्ये काशीला आले. त्यांचा लेख 1777 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. यंत्रे अकबराच्या काळातली असावीत, असे त्यांना वाटले होते. हिंदू ज्योतिषाच्या प्राचीनतेवर तेव्हा युरोपात जोरात वाद चालू होता, त्यामुळे लेखाकडे लक्ष वेधले गेले.

पुढे 1793 मध्ये जॉन लॉइड विल्यम्स यांनी नव्याने मोजमापे दिली आणि यंत्रे जयसिंगाची असल्याचे नोंदवले. त्यांच्या माहितीप्रमाणे संवत 1794, म्हणजे 1737 मध्ये काम सुरू झाले आणि दोन वर्षांत संपले. आराखडा जगन्नाथाने केला, देखरेखीसाठी एक महाजन होता आणि मुख्य कारागीर जयपूरच्या एका कुंभाराचा मुलगा होता. राजा, गणिती आणि कारागीर या तिघांचाही उल्लेख असलेली ही नोंद दुर्मीळ आहे. अशा कामात कारागिराची आठवण सहसा कोणी ठेवत नाही.

1799 मध्ये विल्यम हंटर यांनी ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये झिजच्या प्रस्तावनेचे भाषांतर देऊन जयसिंगाचे काम युरोपीय वाचकांपुढे ठेवले.

बापूदेव शास्त्री यांचा जन्म 1821 मध्ये महाराष्ट्रात झाला. नागपूर आणि सिहोर इथे शिकल्यावर ते 1842 मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत शिकवू लागले. 1866 मध्ये त्यांनी मानमंदिरातल्या यंत्रांचे वर्णन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. एम. ए. शेरिंग यांनी 1868 च्या काशीवरच्या पुस्तकात तिचाच आधार घेतला. संस्कृत सिद्धांत आणि युरोपीय गणित या दोन्हींत तयार असलेल्या माणसाने ही यंत्रे पाहिली, आणि कोणते यंत्र काय करते हे स्पष्टपणे मांडले. नंतर शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात जयसिंगाच्या कामाला भारतीय ज्योतिषाच्या सलग इतिहासात जागा दिली. मराठी वाचकाला हा विषय आपल्या भाषेत मिळाला तो त्यांच्यामुळे.

विसाव्या शतकात जी. आर. के यांनी 1918 मध्ये पाचही वेधशाळांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि 1995 मध्ये वीरेंद्रनाथ शर्मा यांचे ‘सवाई जयसिंग अँड हिज अॅस्ट्रॉनॉमी’ आले. या दोन ग्रंथांच्या दरम्यान वादाची मुख्य मांडणी झाली.

तीन भूमिका

पहिली भूमिका के यांची आणि त्यांच्या मागून आलेल्या काही अभ्यासकांची. तिच्यानुसार या यंत्रांची मुळे समरकंदच्या परंपरेत आहेत, आणि ती उभी राहिली तेव्हा युरोपात काळ पुढे सरकला होता. 1660 च्या दशकात तिथे मोजणीच्या यंत्रांवर दुर्बिणी आणि सूक्ष्ममापके बसू लागली आणि 1675 मध्ये ग्रिनिचची वेधशाळा स्थापन झाली. जयसिंगाकडे दुर्बिणी होत्या, पण त्याची मोजणी उघड्या डोळ्यांनी, दगडी कमानीवर चालू राहिली. रेमंड मर्सियर यांनी 1984 मध्ये दाखवले की झिजमधल्या सारण्यांचा मोठा भाग ला हिर यांच्या सारण्यांवर बेतलेला आहे. मग एवढ्या मोठ्या यंत्रांवरच्या वेधांचा सारण्यांत वाटा किती, असा प्रश्न इथे उभा राहतो.

दुसरी भूमिका शर्मा यांची आणि बऱ्याच भारतीय अभ्यासकांची. त्यांच्या मते सम्राट, जयप्रकाश आणि राम यंत्रांची घडण जयसिंगाच्या वर्तुळातच झाली, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर ती पूर्वी कुठे दिसत नाही. यंत्रे पारखायची तर ती उघड्या डोळ्यांच्या ज्योतिषाच्या कसोटीवर पारखावीत आणि त्या कसोटीवर ती जगातल्या उत्तम यंत्रांमध्ये बसतात. ला हिरच्या सारण्या हाती येऊनही वेध घेणे थांबले नाही, याचा अर्थ जयसिंगाला त्या पडताळून पाहायच्या होत्या, असे ही बाजू सांगते.

तिसरी भूमिका अलीकडची. सुझन जॉन्सन-रोअर यांच्या 2011 च्या प्रबंधात या वेधशाळा ज्ञानाची आणि सत्तेची जागा म्हणून पाहिल्या आहेत. यंत्र कुठे उभे आहे, कोण तिथे जाऊ शकत होते आणि राजाच्या प्रतिमेत त्याचा काय भाग होता, हे प्रश्न तिथे अचूकतेइतकेच महत्त्वाचे ठरतात. काशीच्या बाबतीत ही दृष्टी उपयोगी आहे. काशी हे पंचांग आणि धर्मशास्त्र यांचे केंद्र. तिथल्या पंडितांच्या मताला देशभर मान असे. आमेरच्या घराण्याचा वाडा, गंगेचा काठ आणि पंडितांचे शहर, या तिन्हींच्या संगमावर वेधशाळा ठेवण्यात राजाचा हेतू काय असेल, असा विचार त्यातून सुचतो.

या भूमिका एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. घडणीचे मूळ बाहेरचे असू शकते, तिचा विकास इथला असू शकतो आणि तिचा उपयोग दरबाराचाही असू शकतो. खरे मतभेद अचूकतेवर येऊन अडतात.

अचूकतेचे गणित

जयपूरच्या मोठ्या सम्राट यंत्राच्या कमानीची त्रिज्या सुमारे 15 मीटर आहे. तिच्यावर सावली एका तासात जवळजवळ 4 मीटर, म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते. दोन सेकंदांपर्यंतच्या खुणा करणे त्यामुळे शक्य झाले. मोठ्या आकाराचा फायदा तो हाच.

पण सूर्य आकाशात ठिपका नाही. त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची आहे. म्हणून सावलीची कड धारदार पडत नाही, तिला धूसर पट्टा असतो. जयपूरला हा पट्टा सुमारे 14 सेंटीमीटरचा आणि काशीच्या मोठ्या सम्राटावर दोन-तीन सेंटीमीटरचा. पण काळाच्या मापात दोन्ही ठिकाणी तो सुमारे दोन मिनिटांचाच. त्रिज्या वाढवली की खुणा मोठ्या होतात, आणि धूसरपणाही त्याच प्रमाणात वाढतो. आकाराच्या बाजूने आणि आकाराच्या विरोधात दिले जाणारे दोन्ही युक्तिवाद याच एका मुद्द्यावर उभे आहेत.

यावर वेधकर्त्याचा हात उपाय करतो. कमानीच्या पृष्ठभागापासून थोडे वर, भिंतीच्या काठाला समांतर असा ताणलेला दोरा धरायचा. धूसर पट्ट्यात दोऱ्याची स्वतःची बारीक सावली दिसते. दोरा हळूहळू गडद बाजूकडे सरकवला की एका जागी ती सावली नाहीशी होते. तिथली खूण वाचायची. सराव असेल आणि आकाश स्वच्छ असेल तर या रीतीने वाचन काही सेकंदांपर्यंत नेमके येते. नुसती सावली पाहून यंत्र मिनिटभर चुकते असे म्हणणारा आणि दोरा धरून ते काही सेकंदांत बसते असे म्हणणारा, दोघेही खरेच सांगत असतात. यंत्राची अचूकता वापरणाऱ्याच्या कौशल्यापासून वेगळी करून सांगता येत नाही.

आजच्या पाहुण्याची आणखी एक अडचण होते. सम्राट यंत्र स्थानिक सूर्यकाळ दाखवते आणि मनगटावरचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळ. काशी 83 रेखांशाच्या जवळ असल्याने तिचा मध्यम काळ प्रमाणवेळेपेक्षा सुमारे दोन मिनिटे पुढे असतो. त्यावर कालसमीकरणाचा, म्हणजे सूर्यकाळ आणि मध्यम काळ यांतल्या फरकाचा, हिशेब येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्यकाळ मध्यम काळापेक्षा सुमारे 16 मिनिटे पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे 14 मिनिटे मागे असतो. ही दुरुस्ती न करता यंत्राला चुकीचे ठरवणे म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी ताडणे होय.

दुरुस्तीचे थर

या वादातली सर्वांत अवघड बाब इथे आहे. आज दिसणारी यंत्रे जयसिंगाच्या काळची कितपत आहेत? जयपूरच्या वेधशाळेची मोठी दुरुस्ती 1901-02 मध्ये झाली आणि 1902 मध्ये गॅरेट व चंद्रधर गुलेरी यांचे तिच्यावरचे पुस्तक निघाले. काशीच्या यंत्रांची दुरुस्तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जयपूर दरबाराने करवून घेतली. उज्जैनची वेधशाळा 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या काळात पुन्हा उभी राहिली आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिथले काम सांभाळले. आज ती जिवाजी वेधशाळा म्हणून ओळखली जाते आणि तिथून पंचांगासाठी ग्रहस्थितीच्या सारण्या प्रसिद्ध होत आल्या आहेत.

दुरुस्तीबद्दल दोन मते आहेत. यंत्र चालू ठेवायचे तर खुणा पुन्हा कोराव्या लागतात, नाहीतर उरतो तो दगडाचा ढीग, असे एक मत. उज्जैन या मताच्या बाजूने उभे आहे. दुसरे मत असे की नव्या खुणा मूळ चुका आणि मूळ अचूकता दोन्ही पुसून टाकतात, आणि मग यंत्राची परीक्षा घेताना आपण दुरुस्ती करणाऱ्याचीच परीक्षा घेत असतो. दिल्लीत नंदिवाडा रत्नश्री यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन जंतरमंतरवर, म्हणजे जयसिंगाच्या तिथल्या वेधशाळेत, वर्षानुवर्षे वेध घेतले आणि यंत्रे पुन्हा वापरात आणण्याचा ध्यास धरला. त्यांच्या कामाने पहिल्या मताला बळ मिळाले, आणि खुणांच्या स्थितीची काटेकोर नोंद ठेवण्याची गरजही दाखवून दिली.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न काशीच्या तारखेचा. विल्यम्सच्या नोंदीवरून 1737 हे वर्ष रूढ झाले आहे, काही ठिकाणी 1710 ही सांगितले जाते. दिल्लीचे काम 1724 मध्ये सुरू झाले आणि इतर वेधशाळा तिची पडताळणी म्हणून बांधल्या असतील, तर 1710 टिकणे कठीण. पण झिजच्या प्रस्तावनेत काशीचे नाव आहे. ही प्रस्तावना 1737 पूर्वी लिहिली गेली असेल, तर विल्यम्सची तारीख नेमकी कशाची, हे तपासावे लागेल. काम सुरू झाल्याची, की एखाद्या यंत्राच्या नव्या बांधणीची?

दुसरा प्रश्न पडताळणीचा. काशीचे वेध दिल्ली-जयपूरच्या वेधांशी जुळवले गेले आणि त्यातून सारण्या बदलल्या, असे दाखवणारा सलग पुरावा मिळाला तर मर्सियर आणि शर्मा यांच्यातला वाद बराच पुढे सरकेल.

तिसरा प्रश्न काशीच्या संचाचा स्वतंत्र अभ्यास. 2010 मध्ये जयपूरच्या जंतरमंतरला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि अभ्यासकांचे लक्ष तिकडे अधिक वळले. मानमंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. 2019 मध्ये वाड्यात काशीच्या संस्कृतीचे आभासी संग्रहालय सुरू झाले आणि पाहुण्यांची वर्दळ वाढली. गच्चीवरची यंत्रे मात्र बहुतेकांना गंगेचे छायाचित्र काढण्याची उंच जागा वाटते, याचे वाईट वाटते.

काशीचा संच लहान आहे, म्हणूनच तो महत्त्वाचा आहे. जयपूरचा भव्य आकार सगळ्या चर्चेवर सावली टाकतो. काशीत तोच विचार माफक आकारात, दगड आणि धातू दोन्हींत दिसतो. इथे वर्षभर, सर्व ऋतूंत, दोरा धरून सराव केलेल्या हातांनी वेध घेतले गेले, विल्यम्स आणि बापूदेवांच्या मोजमापांशी आजची मोजमापे ताडली गेली आणि दुरुस्तीचा प्रत्येक थर नोंदवला गेला, तर आकार वाढवून खरोखर काय साधले याचे उत्तर मोजून देता येईल. बनारस हिंदू विद्यापीठ आणि संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय याच शहरात आहेत. बापूदेव जिथे शिकवत, ती पाठशाळाच पुढे संपूर्णानंद विद्यापीठ झाली. गणित आणि सिद्धांत दोन्ही जाणणारे विद्यार्थी तिथे आहेत आणि यंत्रे घाटावर चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हे काम हाती घेण्याजोगे आहे आणि ते व्हायला हवे.